कोजागिरीचे बावीस चंद्र

आमची शेवटची भेट ढगांखाली झाली. गेल्या भाद्रपदातली पौर्णिमा होती, गणपती नुकतेच बोळवलेले, आणि त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. मुरलीधरनं धुळ्याहून माझ्या शेजारच्या औषधाच्या दुकानात दोनदा फोन केला आणि मला जळगावहून बोलावून घेतलं. संध्याकाळच्या एसटीनं मी निघालो तेव्हाच पारोळ्याच्या बाजूला आभाळ भरून आलेलं दिसत होतं. त्याच्या घरी पोचलो तर गच्चीवर सगळी तयारी झालेली. परात, परातीत ज्वारी, ज्वारीत उताणा निजवलेला त्याचा जुना कॅमेरा, शेजारी घड्याळ आणि बॅटरी... आणि वर चंद्राचा पत्ता नाही. मी दहा वाजताच वैतागलो. म्हटलं, "अरे बाबा, उचल आता ते. काय ढगांचे फोटो काढणार आहेस का?" तो म्हणाला, "ग्रहण तर लागणारच आहे ना. आपल्याला दिसणार नाही, एवढंच." मग आम्ही दोघं सतरंजीवर कॅमेऱ्यासारखेच उताणे पडलो. मला डोळा लागला. मध्येच कधीतरी जाग आली तर तो घड्याळात बघत हळू आवाजात बोलत होता... आता चतकोर गेला... आता निम्मा... आता सगळा. कुणाला सांगत होता, कोण जाणे. मी पुन्हा झोपलो.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील, त्याच औषधाच्या दुकानातला मुलगा मला हाक मारायला आला. फोनवर मनीषा होती, मुरलीची अकरा वर्षांची लेक. पोरगी रडत नव्हती. "काका, बाबांना कॉलेजात छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, पण..." एवढंच म्हणाली आणि पुढचं मोठ्या कुणीतरी फोन घेऊन सांगितलं. मुरली पन्नाशीचाही नव्हता. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता, म्हणजे प्राध्यापकांच्या आधी जाऊन भिंगं, आरसे, काचेचे लोलक टेबलावर मांडून ठेवायचे आणि सगळे गेल्यावर पुसून कपाटात लावायचे, हे त्याचं काम. त्या दिवशीही भिंगंच पुसत होता म्हणे.

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत, अशी रीत आहे. मुरलीविषयी चांगलं लिहायला मला शब्द शोधावे लागणार नाहीत. पण ते लिहायच्या आधी मला माझ्याविषयी वाईट लिहावं लागणार आहे. मुरलीनं त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, एक ग्रहण दाखवायचं कबूल केलं होतं. एक ठरावीक ग्रहण, शहाऐंशी सालच्या कोजागिरीचं. ते त्याला जिवंतपणी दाखवता आलं नाही. आणि ते माझ्यामुळे. हे मला तो गेल्यावर कळलं, त्यानं बारा वर्षं मला कळू दिलं नाही.

माझा धंदा रिटचिंगचा. आता हा शब्दही लोक विसरले, तेव्हा सांगतो. काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या दिवसांत स्टुडिओवाला फोटो काढायचा, निगेटिव्ह धुवायचा आणि माझ्यासारख्याकडे पाठवायचा. तिरक्या डेस्कावर दुधी काच, काचेखाली आरसा, आरशात खिडकीचा उजेड. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलनं देवीचे व्रण, मुरुमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरून काढायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. तिथं पेन्सिलनं काळं केलं की फोटोत ती जागा उजळते. जळगावातल्या तीन स्टुडिओंचं काम माझ्याकडे असायचं. किती मुलींची लग्नं माझ्या पेन्सिलनं जमवली, ते त्यांच्या सासरच्यांनी विचारू नये आणि मी सांगू नये! रावेरपासून जामनेरपर्यंतचे चेहरे माझ्या काचेवरून गेलेत. हात चांगला होता माझा, आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं. नाकावर राग आणि जिभेवर बढाई, असा माझा तेव्हाचा अवतार. बायको म्हणायची, तुमच्या जिभेला रिटचिंग करणारा कुणी मिळाला तर बघा.

त्या कोजागिरीची हकिकत मी मुरलीच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मीच तिथं होतो असं वाटतं. तेव्हा तो जळगावात, कॉलेजच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत भाड्यानं राहायचा. घरात तो, वहिनी आणि त्याची आई. आई धुळ्याकडच्या खेड्यातली, अहिराणी बोलणारी; तिला सगळे मायच म्हणत. वहिनींना सहावा महिना होता. कोजागिरी म्हणजे दूध आटवायचं, चांदण्यात ठेवायचं, त्यात चंद्र बघायचा आणि मग प्यायचं. आणि नेमकं त्याच रात्री ग्रहण आलं. अकराच्या सुमाराला लागणार आणि अडीच वाजून गेल्यावर सुटणार. गावभर लोकांना प्रश्न, दुधाचं काय करायचं? कुणी संध्याकाळीच पिऊन घेतलं, कुणी त्यात तुळशीपान टाकून झाकून ठेवलं. मायचा निकाल मात्र एका वाक्यात झाला होता. "पोटुशी बाईनी गिरान देखू नई." वहिनींनी आतल्या खोलीत जायचं, दारं-खिडक्या लावून उताणं निजायचं, कूस बदलायची नाही, काही चिरायचं नाही, खायचं नाही.

वहिनींनी जन्मात ग्रहण पाहिलं नव्हतं. माहेरी लहानपणी पोरींना घरात कोंडायचे, आणि आता हे. आत जाताना मुरलीला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बघा आणि मला सांगा." मुरलीचा चेहरा उतरला. आईशी भांडावं तर ती रात्रभर जप करत बसणार आणि बाळाला काही झालं तर जन्मभर बोलणार. न भांडावं तर ही आत अंधारात. शेवटी तो दाराशी जाऊन म्हणाला, "सांगणार नाही, दाखवतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ग्रहण एका फोटोत आणतो तुझ्यासाठी." शब्द तर दिला, पण असा फोटो त्यानं कधी काढला नव्हता. प्रयोगशाळेतल्या एका जुन्या पुस्तकात बघितला होता, तेवढाच.

त्याच्याकडे चौकोनी फिल्मचा जुना कॅमेरा होता. फिल्म पुढे न सरकवता एकाच चौकटीवर पुन्हा पुन्हा फोटो घेता यायचा. चंद्र त्या रात्री पार डोक्यावर येणार, म्हणजे कॅमेऱ्याला आभाळाकडे तोंड करून निजवायला हवं आणि चार तास केसभरही हलू द्यायचं नाही. तिपाई नव्हती. मग त्यानं परातीत ज्वारी ओतली आणि तिच्यात कॅमेरा रुतवून बसवला. दर दहा मिनिटांनी एकदा खटका. चंद्र तेजात असला की झटकन, आणि पूर्ण झाकला गेला की बोट दाबून धरायचं आणि मनात आकडे मोजायचे. खाली वहिनी उताण्या, वर कॅमेरा उताणा, आणि मध्ये हा जिन्यानं खालीवर करणारा. दर खटक्यानंतर खाली यायचा आणि बंद दाराशी सांगायचा, आता एवढा राहिला... आता नखाएवढा... आता तांब्याच्या घासलेल्या पातेल्यासारखा तांबडा झालाय, आणि चांदण्या किती वाढल्यात म्हणून सांगू! आतून वहिनी "हं" म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "बाळ पण जागं आहे."

अडीचच्या पुढे ग्रहण सुटत आलं आणि खालच्या गल्लीत "दे दान, सुटे गिराण" अशी हाळी आली. माय सूप घेऊन गच्चीवर हजर. घरातली ज्वारी सगळी परातीत आणि परातीत हा कॅमेरा! "दान देवानं शे माले. तुनं डबडं काढ," ती म्हणाली. मुरली काकुळतीला आला. "माय, एकच राहिला. दहा मिनिटं थांब." "गिरान काय तुनाकरता थांबस का?" असं म्हणून माय खाली वाकली... आणि परातीच्या कडेकडेनं, कॅमेऱ्याला धक्का न लावता, एकेक मूठ ज्वारी हलक्या हातानं काढून घेऊ लागली. जप करणारी, सून कोंडणारी ती बाई त्या डबड्यासाठी श्वास रोखून बसली होती, असं मुरली सांगायचा. बाविसावा चंद्र नीट आला. मग आंघोळी झाल्या, दूध गरम झालं, वहिनी बाहेर आल्या. वर बघतात तो चंद्र जसाच्या तसा, गोल, स्वच्छ. "मला तर काहीच झालेलं दिसत नाही याला," त्या म्हणाल्या. मुरली हसून म्हणाला, "थांब आठ दिवस. स्टुडिओतून फिल्म धुऊन येऊ दे."

आता माझा भाग. नवरात्र संपून दिवाळी तोंडावर आली होती आणि माझ्या डेस्कावर पाकिटांचा ढीग. पाकिटावर नाव नसायचं, नुसता नंबर आणि स्टुडिओवाल्याच्या अक्षरात "डाग काढणे." एका पाकिटातून निघाली ती काचेवर ठेवली तर मोकळी निगेटिव्ह आणि तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ठिपक्यांची तिरकी रांग. भिंगातून बघितलं. दोन्ही टोकांचे ठिपके गोल, मग अर्धे, मग चिरीसारखे, मधले तर असून नसल्यासारखे. नवरात्रातल्या मांडवांचे पन्नास फोटो त्याच आठवड्यात माझ्या हाताखालून गेले होते. मला वाटलं, विजेच्या दिव्यांची माळ आहे आणि निम्मे बल्ब गेलेत. कोजागिरीचं ग्रहण मला आठवलंही नाही. त्या रात्री मी घोरत होतो. पाकिटावर लिहिलंय, डाग काढणे. बसलो काढत! मोहरीएवढाही नसलेला एकेक ठिपका, सुईच्या टोकानं, श्वास धरून, गोल गोल भरत गेलो. दोन दुपारी खर्चल्या. बावीसच्या बावीस दिवे लावून दिले.

आठवड्याभरानं एक किडकिडीत, चष्मेवाला माणूस माझ्या खोलीच्या दारात उभा. कापडी पिशवी छातीशी धरलेली, कपाळाची शीर उडत होती. "रिटचिंग तुम्हीच करता?" मी म्हटलं, "नाही, आमचे आजोबा करतात, वरून खाली येऊन." तो हसला नाही. मी त्याला बसवलं, बायकोनं चहा आणला आणि गिऱ्हाईक नवीन आहे असं समजून मी माझी टिमकी वाजवायला सुरुवात केली. म्हटलं, "हात बघायचाय का माझा? परवाचीच गोष्ट. एक दिव्यांची माळ आली होती. कसला फोटो तो, निम्मे बल्ब उडालेले! एकेक दिवा असा लावलाय की फोटो काढणाऱ्यालाही कळणार नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "किती वेळ लागला?" "दोन दुपारी." "दोन दुपारी..." असं स्वतःशी म्हणत त्यानं पिशवी मांडीवरून खाली, पायाशी ठेवली आणि चहा प्यायला. "खरंच, काही कळत नाही," म्हणाला. जाताना त्यानं माझं डेस्क, पेन्सिली, भिंग सगळं नीट बघितलं आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. मला वाटलं, आणखी एक गिऱ्हाईक पटवलं.

तो आला, आणि मग येतच राहिला. चहाला, गप्पांना, कधी नुसतंच माझ्या खिडकीशी बसायला. मी काम करत असलो की तो तासन्‌तास बोलायचा नाही. त्याचे फोटोही माझ्याकडे यायचे, चंद्राचे, ढगांचे, केळीच्या पानांवरच्या दवाचे. पण प्रत्येक पाकिटावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, "काही करू नये. नुसतं बघावं." याचा मला फार राग यायचा. मी म्हणायचो, "अरे, वैद्याकडे जायचं आणि औषध नको म्हणायचं, ही कुठली तऱ्हा?" तो म्हणायचा, "तुझ्या डोळ्यांखालून गेलं की बरं वाटतं रे." पेन्सिल हे नाव त्यानंच मला पाडलं. अजूनही कुणी जुनं माणूस रस्त्यात "काय पेन्सिल!" म्हणून हाक मारतं.

नव्वदच्या माघी पौर्णिमेला पुन्हा खग्रास ग्रहण आलं, तेव्हा आम्ही बरोबर होतो. मनीषा तीन वर्षांची, माय थकलेली, वहिनींना कुणी आत पाठवलं नाही. थंडी अशी की दात वाजत होते. वहिनी शाल पांघरून आमच्या शेजारी बसल्या आणि चंद्र तांबडा होताना अगदी लहान पोरीसारखं तोंड उघडं टाकून बघत राहिल्या. त्या फोटोची माळ अप्रतिम आली. मुरलीनं ती वहिनींच्या हातात दिली तेव्हा मी तिथंच होतो. त्यांनी बघितली, कौतुक केलं आणि म्हणाल्या, "पण हे तर मी बघितलंय हो. माझं राहिलंय ते वेगळं. मनीषा आणि मी दोघी आत होतो ते." मुरली म्हणाला, "तो फोटो बिघडला ना. माझंच चुकलं." यावर मी, शहाणा माणूस, काय बोललो? म्हणालो, "वहिनी, नवशिका होता तेव्हा. मला विचारायला हवं होतं यानं!" सगळे हसले. मुरलीही हसला. पुढं कितीतरी वर्षं आम्ही दोघांनी, मी आणि वहिनींनी, त्याला त्या बिघडलेल्या ग्रहणावरून चिडवलं.

त्याच रात्री, वहिनी खाली गेल्यावर, चंद्र पुन्हा उजळत असताना त्यानं मला सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "काय रे, निगेटिव्हवरची पेन्सिल नंतर कधी निघते का?" आता खरं सांगतो. निघते. टर्पेंटाईनचा बोळा फिरवला की पेन्सिल धरावी म्हणून आधी लावलेला लेप आणि पेन्सिल दोन्ही साफ निघतात, खालची निगेटिव्ह जशीच्या तशी. या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात हे. पण मला वाटलं, हा माझ्या कामाच्या टिकाऊपणावर शंका घेतोय. मी ताडकन म्हणालो, "इतरांची निघत असेल. माझी पेन्सिल निघत नाही. जन्माची असते ती." तो "असं होय" म्हणाला आणि आभाळाकडे बघू लागला. एवढंच. एका शब्दाचं काम होतं. मी हो म्हणालो असतो तर तो त्या रात्रीच मला काहीतरी निमित्त सांगून टर्पेंटाईन मागून घेऊन गेला असता... मला कळूही न देता. माझ्या जिभेनं तेही होऊ दिलं नाही.

पुढं त्याला धुळ्याच्या कॉलेजात चांगली जागा मिळाली, माय गेली, रंगीत फोटोंची यंत्रं आली आणि माझी पेन्सिल बसली. आता मी फोटोंना चौकटी करून देतो. मुरली वर्षातून दोन-तीनदा तरी जळगावला यायचा आणि माझ्या बंद पडलेल्या डेस्काशी बसायचा. "उजेड छान येतो रे तुझ्या खिडकीत," म्हणायचा.

दहाव्याला मी धुळ्याला जाऊन आलो होतो. महिन्याभरानं वहिनींचा निरोप आला, मुरलीच्या पेटीतले फोटो लावून द्यायला येता का. गेलो. पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जुनं पाकीट निघालं. वहिनींनी आतला फोटो काढून माझ्यापुढे धरला. "भाऊ, ही कुठल्या मांडवातली माळ? यांनी ठेवलाय जपून." काळ्याभोर कागदावर बावीस गोल दिवे. पाकीट मी उलटून बघितलं, तर स्टुडिओवाल्याचं अक्षर, डाग काढणे. आणि त्याखाली मुरलीच्या बारीक अक्षरात, "कोजागिरी. सुमनसाठी." तो कपाळाची शीर उडणारा माणूस, छातीशी धरलेली पिशवी, "किती वेळ लागला"... सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं. माझ्या दोन दुपारी वाया गेल्याचं मला कळू नये म्हणून त्यानं स्वतःची ती सगळी रात्र पाकिटात घालून ठेवली होती.

मी वहिनींना सगळं सांगितलं. माळ सांगितली आणि ती नव्वदची बढाईही सांगितली. न सांगता सुटलो असतो, पण मग मी माणूस कसला. वहिनी ऐकत होत्या. त्या रडतील असं मला वाटलं होतं; त्या चिडल्या. "पेन्सिलची चूक मी समजू शकते. पण त्यांनी विचारलं तेव्हा खोटं का सांगितलंत?" मी म्हटलं, "मोठेपणासाठी. दुसरं काही कारण नाही." "आणि मी," त्या म्हणाल्या, "मी बारा वर्षं त्यांना चिडवत राहिले. तुम्हाला एक फोटो धड काढता आला नाही म्हणून. चारचौघांत. आणि ते हसायचे..." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी ओसरीवर बसून राहिलो. मनीषा मधल्या खोलीत अभ्यास करत होती. निघून जावं का, ते कळेना. लाज वाटत होती, फार वाटत होती.

अर्ध्या तासानं वहिनी तोंड धुऊन बाहेर आल्या. "निघते ना ती पेन्सिल? मग काढा," म्हणाल्या.

चौकातल्या रंगाच्या दुकानातून मी टर्पेंटाईन आणलं. पाकिटात निगेटिव्ह होती, पिवळट पडलेली पण धड. भिंग माझ्या पिशवीत असतंच. खिडकीशी पाट घेऊन बसलो, कापसाचा बोळा काडीला गुंडाळला, आणि पहिलाच बोळा हातातून निसटून खाली पडला. मनीषानं तो उचलून दिला. पहिल्या ठिपक्यावरून अलगद फिरवला. तो गोलच होता, गोलच राहिला. चौथ्यावर फिरवला तर पेन्सिल कापसावर आली आणि एका कडेला दातानं कुरतडल्यासारखी खोच उघडी पडली. मी थांबलो. मग सहावा, सातवा, अर्धा, चतकोर... माझंच काम मी पुसत होतो आणि इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. मधले ठिपके आले तेव्हा भीती वाटली, की बोळ्याबरोबर तेही जातील. पण ते होते. फिकट, धुरासारखे, पण होते. आकडे मोजत बोट दाबून धरलेल्या त्या मिनिटांत जेवढा उजेड आला होता, तेवढा सगळा मुरलीनं धरून ठेवला होता.

निगेटिव्हमध्ये चंद्र काळा दिसतो. वहिनींना काळा चंद्र दाखवायचा नव्हता. आमच्या धंद्यात एक युक्ती आहे, निगेटिव्ह काळ्या कापडावर ठेवून उजेडाला तिरकी धरली तर ती फोटोसारखी सुलट दिसते. मी काळं कापड मागितलं. वहिनींनी इकडंतिकडं बघितलं आणि खुंटीवरची मुरलीची छत्री काढून, अर्धी उघडून, मांडीवर घेतली. मी तिच्या कापडावर निगेटिव्ह ठेवली, जरा कलती केली, आणि ते काळं कापड आभाळ झालं. बावीस चंद्र रुपेरी होऊन वर आले. भिंग मी वहिनींच्या हातात दिलं आणि बाजूला झालो.

त्या एकेका चंद्रावर थांबत होत्या. घाई नव्हती. आठव्याशी म्हणाल्या, "हा नखाएवढा." भिंग मधल्या फिकट ठिपक्यांवर आलं. मग म्हणाल्या, "हे तांबडे असतील, नाही का? तेव्हा हिनं पोटात एवढी मोठी कूस बदलली होती. मला बदलायची बंदी आणि हिनं बदलली." मनीषा त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती. सुटत जाणारे चंद्र वहिनींनी मोठ्यानं मोजले, पोर त्यांच्याबरोबर मोजू लागली. एकोणीस, वीस, एकवीस... बाविसावा पुन्हा पूर्ण, गोल, स्वच्छ.

वहिनींनी भिंग खाली ठेवलं नाही. मान वर केली, आमच्या दोघांच्याही पलीकडे, आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, आणि रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "अहो... दिसलं बरं का. सगळं दिसलं."